बिन्यामीनचं पहिलं नाव

सलीमचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात गॅलरीत बसून मेथी निवडत होतो. सलीमनं आणि मी एकाच कारखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर तो जळगाव जामोदजवळच्या आपल्या गावी शेती करायला परतला. त्याची सून शबाना बाळंतपणात गेली हे मला माहीत होतं. आता तो सांगत होता, नातू सव्वा महिन्याचा झाला, पण त्याचा मुलगा जावेद बाळाला हातही लावत नाही. नाव ठेवायचं म्हटलं की उठून शेतात जातो.

"तू ये," सलीम म्हणाला. "तुह्यं ऐकते तो."

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलं की सलीमचं गाव फार लांब नाही. तुम्ही जाणार असाल तर तसंच जा. मी मात्र जालन्यामार्गे आधी लोणार गाठलं. सरोवर बघायचं राहिलं होतं हे निमित्त. दुःखाच्या घरी जाऊन काय बोलावं हे सुचत नव्हतं, हे खरं कारण.

लोणारला सकाळी लवकर खाली उतरा, उन्हं चढली की परतीची वाट दमवते. काठावरच्या झाडीत मोर होते आणि माणूस एकही नव्हता. इतकी शांतता मिळाल्यावर निघवेना, पण दुपारी मेहकरची एसटी पकडली आणि मुक्कामाला बुलढाण्यात पोचलो. लॉज स्टँडसमोरच, साधा, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. लोणारहून जळगाव जामोद एका दिवसात आरामात होतं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी मोताळा, नांदुरा, पूर्णेचा पूल असं करत दुपारी पोचलो. दोन्हीकडे कापूस उभा होता, पण शेतात वेचणारं कोणी दिसेना. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "बोंडअळी हाय भाऊ. बीटीचं बियाणं हाय, अळी येत नाई म्हणत होते. यंदा बोंडातच जाऊन बसली." हे त्या पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलल्या.

सलीमच्या घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. इकडे आलात तर ज्वारी आणि उडदाची ही भाकरी चुकवू नका. बाळ आजीच्या मांडीवर होतं. जावेद मान खाली घालून जेवला आणि मला म्हणाला, "चाचा, शेतात येता?"

तो पऱ्हाटी उपटत होता. इकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. त्यानं एक बोंड फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी आणि काळवंडलेला कापूस. मीही त्याच्या शेजारी पऱ्हाटी उपटायला लागलो. उपटता उपटता तो म्हणाला, "शबाना पोटातल्याले बोंड्या म्हणे. बोंड्या लाथा मारून राह्यला, बोंड्या झोपला. तवा पीक चांगलं होतं." आता त्याची अम्मी ते नाव उच्चारू देत नव्हती. अळी लागलेल्या बोंडाचं नाव पोराला कशाला, हे तिचं म्हणणं. मला तेही पटत होतं.

संध्याकाळी अंगणात सलीमनं विषय काढला. "हजरत याकूबचा धाकटा लेक, युसूफचा भाऊ, बिन्यामीन. तुह्यंच नाव ना बे ते? ठेवून टाकू."

मी हुरळलो. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, आणि माझं नाव बेंजामिन, म्हणजे तेच बिन्यामीन. या नावाची गोष्ट मी आयुष्यभर मोठ्या अभिमानानं सांगत आलोय. हिब्रूत बेन म्हणजे मुलगा, यामीन म्हणजे उजवा हात. याकोबाची, म्हणजे तुमच्या याकूबची, लाडकी बायको राहेल प्रवासात वाटेवरच बाळंत झाली आणि गेली. जीव जाताना तिनं मुलाचं नाव ठेवलं बेन-ओनी, माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं विचार केला, हे ओझं पोरानं जन्मभर का वाहावं? त्यानं नाव बदलून बिन्यामीन केलं. गोष्ट संपवून मी जावेदकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्याला धीर येईल.

"मंग मायनं ठेवलेलं नाव कुठं गेलं?" त्यानं विचारलं.

"गेलं. पुढे त्याला कोणी त्या नावानं हाक मारली नाही."

"मरता मरता बोलली ते. तेवढंच तर देऊन गेली पोराले. अन् बापानं तेबी घेतलं काऊन?"

जावेद उठला. मला वाटलं, गेला पुन्हा शेतात. पण तो आईसमोर जाऊन बसला आणि त्यानं हात पुढे केले. बाळाची मान कशी धरायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आईनं त्याचा हात सरकवून दाखवलं.

"कागदावर बिन्यामीन लिवा," तो बाळाकडे बघत म्हणाला. "घरात हा बोंड्याच राहीन. अम्मी, तूबी तेच म्हन." ती पदरानं बाळाचं तोंड पुसत राहिली. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

परत येताना नांदुऱ्याहून सरळ रेल्वे धरली. घरी आल्यावर पत्नीला सगळं सांगितलं, बॅग तशीच ठेवून आमचा धर्मग्रंथ तोरा, त्याची जुनी हिब्रू प्रत काढली आणि ती ओळ शोधली. बिन्यामीन पानोपानी भेटतो. बेन-ओनी मात्र सबंध तोरामध्ये एकदाच येतं. लहानपणापासून त्या शब्दावरून माझं बोट भरभर पुढे सरकायचं. साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा तिथे थांबलो आणि आईनं हाक मारावी तसा तो शब्द मोठ्यानं वाचला.