डिकीवरचं पान

बाबा लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पाचगणीच्या एका शाळेने मोडीत काढलेली गोल नाकाची जुनी मोटार घेतली आणि सांगलीत ती लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायला सुरुवात केली. नवरा-नवरी मागे, बाबा पुढे, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. डिकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या गोलात पांढरं पिंपळपान काढलं होतं. आम्ही बौद्ध, आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून पिंपळाचं पान आमच्या घरात मानाचं. दर बुद्धपौर्णिमेला बाबा त्या गोलावर आणि पानावर रंगाचा नवा हात देत. तेवढा वेळ मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गाडीच्या रंगाला पोपडे सुटायला लागले. जुना रंग पार पत्र्यापर्यंत उतरवून नवा द्यायचं ठरलं, आणि नेमका तेव्हा मंडपवाला आला. लग्नाच्या बहुतेक ऑर्डरी त्याच्याकडूनच यायच्या. चहा पिऊन, बशी खाली ठेवून तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आवं, रंग काडतायसाच, तर त्ये पान बी जाऊ द्या की. मला काय न्हाई. पर लोकं इचारत्यात."

गोगलगाय अन् पोटात पाय! "मला काय न्हाई" म्हणणाऱ्या माणसांचा मला तेव्हा जो राग बसला, तो आजवर गेलेला नाही. लोकांना पुढे करायचं आणि आपण मागून चहा प्यायचा. मी तेव्हा कॉलेजात होते, जीभ तिखट होती. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "बगू."

बाबांचं 'बगू' म्हणजे होकार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काम आम्ही दोघांनीच अंगणात केलं. ब्रशने रंग सोडवणारा रिमूव्हर लावायचा, वर प्लास्टिक पांघरायचं, रंगाला सुरकुत्या पडल्या की पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. वासाने डोकं भणभणायचं. थेंब हातावर पडला तर मिरची लागल्यागत आग. वरचा क्रीम रंग गेला की शाळेचा हिरवा यायचा, त्याखाली काळा, मग पत्रा. दारं झाली, मडगार्ड झाले. बॉनेटवर मी इतक्या जोरात पट्टी चालवली की बाबा ओरडले, "हळू कर! पत्र्यावर कशाला राग काडतीस? वरखडं पडत्यात."

"मग कुणावर काढू?"

ते बॉनेटवरचे ओरखडे अंगठ्याने चाचपत राहिले.

शेवटी डिकी उरली. त्यांनी ब्रश माझ्याकडे केला. "तू कर."

"मी हात लावणार नाही. तुम्ही काढलंय, तुम्हीच पुसा."

फार कडू आवाजात बोलले मी, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. बाबा गाडीमागे खाली बसले. बाकीच्या गाडीचा रंग दोन हातांत निघाला होता. पान काही निघेना. दरवर्षीचा थर त्यावर चढलेला. पांढरं निघायचं, निळं यायचं, की त्याखाली पुन्हा पांढरं. ते लावत, थांबत, खरवडत. अख्खी दुपार त्यात गेली. मग तांबडा प्रायमर, पुढच्या दिवसांत क्रीम रंग. गाडी आरशासारखी झाली आणि मला ती बघवेना.

पहिली ऑर्डर कडेगावकडची, मोठं ऊसबागायतदारांचं घर. सकाळी गेलेले बाबा वरातीची वेळ व्हायच्या आतच गाडी घेऊन परत दारात. झेंडूच्या माळा जशाच्या तशा. जेवणाच्या वेळी नवऱ्याच्या काकाने त्यांना गाव विचारलं होतं, मग आडनाव. बाबांनी सांगितलं. त्यानंतर वरातीला कुणाची तरी जीप आली.

"माजी गाडी तापती म्हनं," बाबा पायरीवर बसत म्हणाले. "हिमालयात ट्रक चढवल्यात म्या. आन् ह्ये मला सांगत्यात, गाडी तापती." जेवायला बोलावलं तर उठले नाहीत. मला त्या काकाचा राग आलाच, पण खोटं कारण ऐकून बाबा गुमान परत आले याचा जास्त आला.

दुसऱ्या सकाळी मंडपवाला हजर. बसायच्या आधीच म्हणाला, "आवं, आडनाव सांगायचंच कशाला पर? कायतरी दुसरं ठोकून द्यायचं. मला काय न्हाई..."

बाबा उठले. "पान निघालं," ते म्हणाले. "आता आडनावाचा रिमूव्हर कुठं मिळतोय त्ये सांग. डबं भरून आनतो."

मंडपवाल्याच्या ऑर्डरी त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच. बाबा माझ्याकडे वळले. "पॉलिश पेपर आन. आन् निळा डबा."

मी दोन्ही घेऊन डिकीकडे निघाले.

"मागं न्हाई," बाबा म्हणाले. "म्होरं. बॉनेटवर."

गुळगुळीत रंगावर दुसरा रंग धरत नाही, आधी तो घासून खरखरीत करावा लागतो. मंडपवाला "आवं, आवं, नवा रंग हाय त्यो" करत उभा होता. मी बॉनेटच्या बरोबर मध्यावर पेपर टेकवला आणि अंगातला सगळा जोर लावून घासायला लागले. या वेळी बाबांनी हळू कर म्हटलं नाही.