आवाज न करणारी डिस्क

कुठलीही वस्तू कानाने तपासायची बाबांची सवय जुनी आहे. पंखा, मिक्सर, सायकलचं चाक. एकदा तर मला बघायला आलेल्या पाहुण्यांची मोटरसायकल त्यांनी दारातूनच ऐकली आणि आत येऊन आईला सांगितलं की हे लोक गाडीची निगा राखत नाहीत, पोरीची काय राखतील. ते स्थळ तिथेच बारगळलं आणि त्याबद्दल मी बाबांचे उपकार आजही मानते.

ही सवय मागावरची. विणणाऱ्याचे डोळे कापडावर असतात, पण राखण कान करतो. खटखट एका तालात चालली आहे तोवर सगळं ठीक. ताल चुकला की हात आपोआप थांबतो, कारण कुठेतरी धागा तुटलेला असतो किंवा आडवा धागा नेणारा धोटा अडकलेला असतो. बाबांनी तीस वर्षं असं विणलं. मग माग विकावा लागला, शहरात इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि आम्ही तिथल्याच नंदनवन नावाच्या वस्तीत राहायला आलो. पण लुगड्यांच्या किनारी त्यांच्या डोक्यात तशाच राहिल्या. त्या त्यांच्याशिवाय कोणाला येत नाहीत. मी त्यांची एकुलती एक लेक, शाळेत गणित शिकवते आणि मला साधं शर्टाचं बटणही नीट लावता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी माझा जुना, अकरा इंची लॅपटॉप त्यांना दिला आणि आकडे लिहायच्या तक्त्यात एकेका चौकोनात रंग कसा भरायचा ते दाखवलं. त्यानंतर घरात कोणी त्यांना हाक मारायची सोय उरली नाही. करवतकाठीचे, म्हणजे करवतीसारख्या किनारीचे दात, त्यावरची बारीक नक्षी, एकेक धागा म्हणजे एकेक चौकोन. बघता बघता चाळीस किनारी झाल्या. तेवढ्यात उमरेडला बायकांसाठी विणकामाचा वर्ग सुरू झाला आणि बाबांना तिथे दर सोमवारी किनारी शिकवायला बोलावणं आलं. बाबांनी नवा शर्ट शिवायला टाकला, यावरून त्यांना काय वाटलं असेल ते ओळखा.

आणि नेमका त्याच आठवड्यात लॅपटॉप रुसला. तसा तो पहिल्यापासूनच आळशी. बाबा सकाळी बटण दाबून दाढी करायला जायचे, दाढी आटोपून येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा. आता तर दाढी, आंघोळ, नाश्ता होऊनही पडद्यावर गोल फिरतच राहायचं. चाळीस किनारी आत आणि सोमवार पाच दिवसांवर. आणि मी शहाणीने त्यांची दुसरी प्रत कुठेही ठेवली नव्हती.

आम्ही सीताबर्डीवर एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने थोडी खटपट केली आणि म्हणाला, काही नाही, आतला पसारा साफ करून देतो. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, लॅपटॉपला कान लावला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मला जरा लाजल्यासारखं झालं.

"हे दोनदा सरळ जाते अन् तिसऱ्यांदा अडकते," बाबा म्हणाले. "पसारा नाही गा हा. आतमंदी काहीतरी मरून राहिलं."

दुरुस्तीवाल्याने आमचं मन राखायला म्हणून हार्ड डिस्क तपासायला लावली. थोड्या वेळाने पडदा लाल झाला, डिस्क खरंच निकामी होत आली होती. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काका, तुम्ही दुकानात येऊन बसत जा," तो म्हणाला, "माह्या अर्ध्या मशिनी वाचतील." त्याने आधी किनारी बाहेर काढायला घेतल्या. चाळीसच्या चाळीस निघाल्या तेव्हा मी समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा आणला.

मग त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक नेहमीची हार्ड डिस्क, जड, आत चकती फिरणारी, भरपूर जागेची. दुसरी एसएसडी, पत्त्यांच्या कॅटपेक्षाही पातळ, हलकी, आत फिरणारं काहीच नाही, जागा पहिलीच्या पावपट. भाव जवळपास सारखाच. माझा निर्णय बघताक्षणीच झाला होता, एसएसडी. बाबांनी दोन्ही हातांत घेऊन तोलल्या, एसएसडी कानाजवळ नेऊन हलवली आणि परत ठेवली.

"हे तर काहीच बोलून नाही राहिलं."

"त्यात हलणारं काही नाहीच ना, बाबा. म्हणून तर ती लवकर चालते."

"ते ठीक आहे वं. पण चकतीवाली बिघडली तर आधी सांगते. आता सांगितलं का नाही? हे मुकं न सांगता जाईन, मंग काय करशील?"

मी वर्गात पोरांना गप्प करते तसं काहीतरी बोलणार होते. पण दुरुस्तीवालाच म्हणाला, "काका बरोबर बोलून राहिले, ताई. ही जाते तेव्हा बहुतेक सांगत नाही." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या कपात बघू लागले.

पुढे त्यानेच विचारलं, "काका, हा लॅपटॉप घरीच राहते का कुठं जाते?" बाबा म्हणाले, दर सोमवारी उमरेडच्या बसने जाईल, मांडीवर. बसमधले धक्के बाबांना समजावून सांगायची गरज नव्हती. धक्क्याने फिरत्या चकतीचं काय होईल हे त्यांना आपोआप कळलं. त्यांनी हार्ड डिस्क हाताने बाजूला सारली, थोडी मायेनेच, आणि मुकी डिस्क घेतली. किनारींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची अशी अट मात्र मला घातली.

दुसऱ्या दिवशी मी जिंकल्याच्या थाटात शाळेत गेले. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, नवीन डिस्क चालत नाही. मी बटण दाबलं, लॅपटॉप क्षणात सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्यासमोर चालते, त्यांच्यासमोर मरते. चौथ्या दिवशी बाबांनी लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि आईला म्हणाले, उमरेडला फोन करून सांगतो, मले नाही जमत. हे ऐकून मी त्यांच्यावर ओरडले. सत्तरीच्या माणसावर, स्वतःच्या बापावर, साध्या डिस्कपायी. त्याची लाज मला अजून वाटते.

रविवारी मी सकाळपासून गुपचूप पाळतीवर बसले. बाबांना राहवलं नाही, त्यांनी लॅपटॉप कपाटातून बाहेर काढला, बटण दाबलं आणि सवयीने दाढी करायला गेले. लॅपटॉप दहा सेकंदांत तयार. पण त्याच्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून थोड्या वेळाने त्याने आपला पडदा काळा केला. बाबा गालाला फेस लावलेल्या अवस्थेत बघायला आले. पडदा काळा, आवाज नाही. आवाज नाही म्हणजे माग बंद. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि चालू असलेला लॅपटॉप बंद करून निघून गेले.

"बाबा, तुम्ही चालू मशीन बंद काहून करून राहिले?"

मी सगळं समजावून सांगितलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अजी, आता दाढी आधी करत जा, मंग बटण दाबत जा." बाबा एवढे हसले की फेस शर्टावर पडला, आणि मग मीही हसले, आईही. चार दिवसांनी घरात असा गलका झाला. त्या दुपारी बाबांनी लॅपटॉप सातआठ वेळा उगाच बंद करून चालू केला, फक्त तो किती लवकर उठतो ते पाहायला.

सोमवारी मी रजा टाकून त्यांच्यासोबत उमरेडला गेले. दहाबारा बायका होत्या, बहुतेक विणकरांच्याच घरातल्या. बाबांनी एकेक किनार पडद्यावर मोठी करून दाखवली. दात कुठे सुरू होतो, कुठे वळतो, धागे कसे मोजायचे. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी समोर बसलेल्या एका बाईने पेनड्राइव्ह पुढे केला. "काका, ह्या किनारी आम्हाले देता का?"

आमच्यात किनार कोणी कोणाला देत नसे. परका माणूस दारात दिसला की आजोबा मागावर फडकं टाकायचे, बाबाही टाकायचे. सख्ख्या चुलतभावाने मागितलेली किनारही त्यांनी दिली नव्हती, आणि त्यावरून दोन घरं वर्षभर बोलली नव्हती. शिकवणं वेगळं आणि हातात देणं वेगळं. बाबांनी तो पेनड्राइव्ह हातात घेऊन तोलला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दे वं. सगळ्याच दे."

मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावरची हिरवी पट्टी सुरू झाली आणि क्षणात भरून गेली.

"झालं पण?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"मले वाटलं, थोडा वेळ लागन," ते हळूच म्हणाले. डोळे भरलेच होते, पण ते हसत होते. मग त्यांनी स्वतःच हात पुढे केला आणि शेजारच्या बाईचा पेनड्राइव्ह मागून घेतला.