आणखीबाईंची सात मिनिटं

त्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना सगळी वस्ती ‘आणखीबाई’ म्हणायची. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पेशंट खोकल्याचं सांगून उठायला लागला, की बाई पेन खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आणखी?” मग तो पुन्हा खुर्चीला टेकायचा. खोकल्याच्या मागून उडालेली झोप निघायची, झोपेच्या मागून भावाशी धरलेला अबोला निघायचा, आणि कधी कधी खरा इलाज त्या अबोल्यावरच करावा लागायचा. बावीस वर्षं हे असंच चालू होतं. बाराला संपायला हवी ती ओपीडी अडीचला संपायची आणि बाईंचा डबा रोज गार व्हायचा.

रुग्णालय लोकांनीच मिळून उभारलेलं, चाळीस खाटांचं. लोकांचं आहे म्हणूनच बाई तिथे राहिल्या. बरोबरीच्यांनी मोठाली क्लिनिकं थाटली, आणि “तू काय मिळवलंस गं?” असं विचारून नणंद अजूनही जखमेवर मीठ चोळायची.

त्यात आता रुग्णालयाच्या चिटणिसांचं पत्र आलं. चिटणीस वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा नुसती मान डोलवायचा. बाई तीन वर्षं मदतीला दुसरा डॉक्टर मागत होत्या, तीन वर्षं त्याने मान डोलवली, आणि शेवटी डॉक्टर बघून ठेवला तो बाईंच्या जागी! पत्रात लिहिलं होतं : दर पेशंटला सात मिनिटं, एका खेपेला एकच तक्रार. शुक्रवारपर्यंत ‘मान्य’ लिहून सही करा, नाही तर सोमवारपासून आजारपणाच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसा.

नव्या कॉम्प्युटरमध्ये तक्रारीसाठी चौकोनही एकच होता. तो पाहून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे पाय आज दाखवायचा आणि डोकं पुढच्या आठवड्यात?” त्या नोंदणीवालीवर ओरडल्या.

“माझ्यावर कशाला ओरडता?” नोंदणीवाली म्हणाली. “रांग दाराबाहेर गेली की शिव्या मी खाते. परवा ती आजी दोन तास उभी राहून चक्कर येऊन पडली. तिला कुणी विचारलं?”

हे बाईंना झोंबलं, कारण खरं होतं. मंगळवारी त्यांनी ठरवलं, एक दिवस करूनच बघू. घड्याळ टेबलावर मांडलं आणि पेन एकदाही खाली ठेवलं नाही.

साडेदहाच्या सुमारास शिंपीकाका अंगठा धरून आले. कात्री चालवून चालवून अंगठा आखडला होता. बाईंनी तो वाकवून पाहिला, गोळ्या लिहिल्या, शेक सांगितला. काका उठले, दाराशी जरा घुटमळले. सहा मिनिटं होऊन गेली होती. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाराच्या ठोक्याला तीस पेशंट संपले. नोंदणीवाली खूश, चिटणीस खूश. डबा गरम होता, तरी बाईंना घास गोड लागला नाही.

गुरुवारी सकाळी शिंपीकाकांना स्ट्रेचरवरून आणलं. हृदयाचा झटका होता. दुपारपर्यंत धावपळ झाली. काका वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आता दुकानाचा जिना चढणं कठीण होतं, आणि शिलाई मशीन वरच्या मजल्यावर होतं.

बाई खाटेजवळ गेल्या. “आधी काहीच त्रास नव्हता, काका?”

“जिना चढताना जबडा दुखायचा. महिनाभर. थांबलं की बरं वाटायचं. मला वाटलं, दाताचं असेल.”

 जबडा, तोही चढताना! हे हृदयाचं दुखणं त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. “मग मंगळवारी का नाही बोललात?” त्यांचा आवाज चढलाच.

“तुम्ही विचारलं नाहीत,” काका साधेपणाने म्हणाले. “आणि चौकोनात अंगठा भरून झाला होता ना. म्हणून जाता जाता नवा नंबर लावला.”

त्यांनी उशाखालच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यातल्या नंबराच्या चिठ्ठीवर पुढच्या मंगळवारची तारीख होती. तक्रार : दात.

बाईंना स्वतःची लाज वाटली. ती चिठ्ठी घेऊन त्या तडक चिटणिसांच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर ठेवली. चिटणिसांनी ती वाचली, सवयीने मान डोलवली. “वाईट झालं. पण दाताच्या तक्रारीवरून हे कुणाच्या लक्षात येणार होतं?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी कोटाच्या खिशातलं ते पत्र काढलं आणि ‘अमान्य’ लिहून खाली सही केली.

“सोमवारपासून खिडकीवर बसावं लागेल, बाई. नियम सगळ्यांना सारखाच.”

“बसते. पण त्या खिडकीच्या आत दोन खुर्च्या लागतील.”

“दोन? दाखल्यावर सही तर करायची. लोक बाहेर उभे असतात तिथे.”

“उभा माणूस काही बोलत नाही,” बाई म्हणाल्या, आणि बाहेरच्या व्हरांड्यातली एक खुर्ची उचलून स्वतःच त्या खिडकीकडे नेऊ लागल्या.