कव्वालीभर पाणी

सूफी गाण्याचा एवढा भक्त आणि उर्दूच्या बाबतीत एवढा अडाणी माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात आमच्या तात्यांसारखा दुसरा सापडायचा नाही. शेळगावात त्यांचा आणि आमचा बांधाला बांध आहे आणि विहीर सामाईक. वय सत्तरीच्या पुढे, आवाज ट्रॅक्टरचा, आणि दैवत एकच, ज्यांना ते नुसतं ‘खाँसाहेब’ म्हणतात ते गवई. हे खाँसाहेब दर्ग्यात कव्वाली गातात आणि सिनेमातही गातात. तात्यांनी दोन्हींची प्रतवारी लावून टाकली आहे. कव्वाली लागली की उसाच्या सरीत उभे असले तरी चपला काढून बांधावर ठेवणार. सिनेमाचं गाणं लागलं की चपला पायात आणि तंबाखू तोंडात. “त्ये पोटापाण्याचं हाय,” म्हणतात, “त्येच्या पाया पडायची गरज न्हाय.” शब्दांचा अर्थ विचारा, बेधडक सांगतील. कव्वालीतला प्याला भरून पाजणारा साकी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी, हे त्यांनी मला ठणकावून सांगितलंय. “तहानलेल्याला पाजतोय, मग पाटकरी न्हाय तर कोण?” 

खाँसाहेब बारामतीला गायला आले तेव्हा लोक हार घेऊन गेले आणि तात्या पिशवीभर काटेरी वांगी. मी शरमेनं खांबाआड झालो. खाँसाहेबांनी मात्र ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. परत येताना हा धिप्पाड गडी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून काटेवाडीपर्यंत हमसून हमसून रडत होता. तिथं भजी दिसली तेव्हा थांबला.

असला माणूस विहिरीवर भागीदार असला की काय होतं, ऐका. पाण्याची पाळी आम्ही घड्याळावर नाही, गाण्यावर मोजतो. मोटारीच्या पेटीवर स्पीकर ठेवायचा, एक लांब कव्वाली माझ्या डाळिंबांना, मग तेवढीच त्यांच्या उसाला. कव्वाली अर्ध्यात तोडणं हे तात्यांच्या लेखी पाप. खाँसाहेब रंगात येऊन एकच ओळ दहादा घोळवत असतील, तर पाणीही तेवढा वेळ वाहणार. माझीच पाळी पहिली, हे ठरलेलं.

मग तो कोरडा उन्हाळा आला. विहीर तळाला, माझी डाळिंबं ऐन फळावर, आणि मी पाय मोडून अंगणात खाटेवर; दोन्ही पाळ्यांचं पाणी तात्यांच्याच हाती. तीन वर्षं पोरासारखी जपलेली बाग त्या महिन्यात जगणार की वाळणार, एवढाच घोर लागलेला. आणि रोज दुपारी विहिरीवरून ऐकू काय यावं? आधी सिनेमाचं चिमूटभर गाणं, मग लांबलचक कव्वाली. म्हणजे माझ्या पाळीला चिमूट आणि यांच्या उसाला कव्वाली! खाटेवर पडल्या पडल्या मी त्यांचा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. भक्ती कसली, सोंग सगळं, असं बायकोलाही सांगून बसलो.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी काठी टेकत भांडायलाच निघालो. बघतो तर माझी बाग हिरवीगार आणि तात्यांचा ऊस पिवळा पडून माना टाकलेला. तात्या चपला काढून विहिरीवर बसले होते आणि कव्वालीचं पाणी माझ्या ठिबकात चाललं होतं.

“पाळी कधी उलटी केली?” मी विचारलं.

“पयलं पाणी गढूळ येतंय. तुझ्या नळ्या तुंबल्या आस्त्या. ते माझ्या उसाला चालतंय.”

“आणि उसाला एवढंसंच गाणं?”

“ऊस काय, पुन्यांदा लावता येतोय. बाग तीन वर्साची हाय तुझी.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, “तात्या, मी तुम्हाला चोर समजलो. घरात बोललोसुद्धा.”

“समजणारच,” ते म्हणाले. “आसल्याच एका उन्हाळ्यात मीबी तुझ्या बापाला चोर म्हणलो हुतो. त्येनं सगळं पाणी मलाच सोडलं हुतं, मला मागनं कळलं.”

“मग?”

“मग काय. सांगू सांगू म्हणत ऱ्हायलं, आन् त्यो गेला.” पुढं म्हणाले, “तू बोललास, बरं केलंस. माझं तसंच ऱ्हायलंय बघ.”

वडलांना जाऊन बरीच वर्षं झाली. तात्यांची राहून गेलेली माफी ऐकून घ्यायला आता घरात मीच उरलो होतो. वडलांच्या वतीनं मी ती घेतली.