बत्तीसावा सेकंद

सुमती शंभरकर यांनी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लागल्या तेव्हा ट्रंक कॉल बुक करावे लागायचे. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. सावनेरच्या जिनिंगवाल्याला नागपूरचा व्यापारी जोडून द्यायचा आणि दोन्हीकडून 'हॅलो' कानावर आल्याशिवाय पुढच्या कॉलकडे वळायचं नाही, हे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडलं. पुढे बोर्ड गेला, दोऱ्या गेल्या. त्यांना चौकशीला बसवलं, मग तक्रारींना. २०२० साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा हॉलमधल्या बहुतेक बायकांनी एकाच दिवशी घर गाठलं. सुमतीताईही त्यांच्यातच.

घर कामठीला. नवरा संघपाल छावणीजवळच्या दुकानात फौजींचे गणवेश शिवतो. दीड वर्ष सुमतीताईंनी घरात कसंबसं काढलं. कपाटं तीनदा लावून झाली, शेजारणीच्या मुलीची बारावी करून घेतली. शेवटी संघपालच म्हणाले, "तुले लोकायच्या आवाजाशिवाय करमून नाही राहिलं वं. जा, कुठी तरी लाग."

त्या धंतोलीतल्या एका डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर लागल्या. सेंटर डॉ. नंदिनी भोयर यांचं. मुख्य शाखा धंतोलीत, एक कामठीला, एक सावनेरला. कामठीचीच शाखा घराजवळ होती, पण रिकामी जागा धंतोलीत होती. शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो, मग पायी. साडेसातला काउंटरवर हजर.

तिथली फोनची तऱ्हा त्यांना पहिल्या दिवसापासून खटकली. तिन्ही शाखांतले लोक आपसांत कॉम्प्युटरवरून बोलायचे. कानाला हेडसेट लावला की कामठीची सिस्टर धंतोलीच्या डॉक्टरांशी शेजारी बसल्यासारखी बोले. पण ते बोलणं घरातल्या घरात. बाहेरच्या माणसाला त्यात शिरायला वाट नव्हती. पेशंटच्या कार्डावर काउंटरवरच्या कोणाचा तरी मोबाइल नंबर लिहिलेला असायचा. तो माणूस रजेवर असला की फोनही रजेवर.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी नरखेडकडून पहिल्या एसटीने पेशंट धोंडबा आणि त्याची बायको प्रेमिला आली. धोंडबाचे पाय सुजलेले, श्वास चढलेला. आणि सेंटर बंद. आदल्या संध्याकाळी मशीनला पाणी देणारा प्लांट बिघडला होता. सगळ्यांना कळवलं होतं, पण धोंडबाच्या कागदावर मुलाचा नंबर होता आणि मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता. त्याचा फोन लागला नव्हता.

सुमतीताईंनी त्याला खुर्चीत बसवलं, दुसऱ्या रुग्णालयात जागेसाठी खटपट सुरू केली. प्रेमिला शेजारी उभी होती. रागावलेली नव्हती. तेच सुमतीताईंना जास्त लागलं.

"बाई, आमी निघायच्या आधी फोन लावला होता," ती म्हणाली. "मी दर खेपेले लावतो. आज दोनदा लावला. बंदच येऊन राहिला."

सुमतीताईंनी तिच्या हातातलं कार्ड घेतलं. त्यावरचा नंबर दोन दिवसांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कचा होता.

धोंडबाला दुपारी दीडला दुसरीकडे मशीन मिळालं. संध्याकाळी तो सावरला आणि एसटीने परत गेला. पण सुमतीताई त्या दिवशी मेट्रोत बसल्या त्या खिडकीबाहेर न बघताच. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, आणि आपल्या काउंटरवर आलेला फोन कुठेच पोहोचला नाही, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, एक नंबर पाहिजे. कार्डावर एकच. तो कोणत्याही शाखेत, जो मोकळा असेल त्याच्या कॉम्प्युटरवर वाजला पाहिजे."

डॉक्टर थकल्या होत्या. "ताई, मागच्या वर्षी एका कंपनीला विचारलं होतं. त्यांचा माणूस दोनदा आला, तिसऱ्यांदा आलाच नाही."

"मग आपण करू."

"आपण म्हणजे कोण?"

"मी करतो ना," सुमतीताई म्हणाल्या. आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे न बघता पुढे बोलत राहिल्या. "मधे एक सर्व्हर बसवावा लागते. एका हातानं तो टेलिफोन कंपनीची लाइन धरते, दुसऱ्या हातानं आपले कॉम्प्युटर. एक्स्चेंजच आहे तो, फक्त डब्यातला. मले तीन महिने द्या."

डॉक्टरांनी तीन महिने दिले, काउंटरचं काम सांभाळून करायच्या अटीवर. सेंटरचे कॉम्प्युटर बघणारा पियूष लोणारे, चाळिशीला टेकलेला, चार ठिकाणची कामं घेऊन पळणारा माणूस, त्याने एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर काढून दिला. देताना म्हणाला, "ताई, वाईट नका मानू, पण यात लोकं कोर्स करून फसतात."

"फसली तर तुलेच विचारीन ना गा," त्या म्हणाल्या आणि डबा काउंटरमागे ओढून घेतला.

शिकायला त्यांनी हिंदीतले व्हिडिओ लावले. दुपारी दोन ते चार काउंटरवर गर्दी नसे, तेव्हा. शंभर पानी वही घेतली. इंग्रजी शब्द अडला की देवनागरीत लिहायच्या आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ. 'ट्रंक' या शब्दापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. तो त्यांच्या घरचाच शब्द होता. सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं, पण चारदा टाकलं आणि चारदा बिघडलं. पाचव्यांदा बसलं. मग धंतोलीतल्या दोन टेबलांवरचे कॉम्प्युटर त्या सर्व्हरमधून एकमेकांना लागले. पियूष लेखापालाच्या टेबलावरून बोलला, "ताई, आवाज येऊन राहिला का?" त्या काउंटरवरून म्हणाल्या, "येऊन राहिला," आणि हेडसेट काढून वहीत तारीख लिहिली.

टेलिफोन कंपनीची लाइन मिळवायला सहा आठवडे गेले. सेंटरच्या नोंदणीचे कागद, डॉक्टरांचं ओळखपत्र, जागेची पाहणी, मग पुन्हा तेच कागद शिक्क्यासकट. सुमतीताईंना सरकारी कागदांची सवय होती. एकाही फेरीत त्यांचा कागद कमी निघाला नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला, भिंतीवर फायबरची पेटी ठोकली, दहा आकडी नंबर कागदावर लिहून दिला आणि जाताना म्हणाला, "यहाँ तक हमारा. सर्व्हर आपका, आप जानो."

सर्व्हरला लाइन जोडली. इथून बाहेर फोन लावला, लागला. बाहेरून इकडे लावला, वाजला. उचलला, आवाज स्वच्छ. काउंटरवरच्या हर्षाने पेढे आणायचं ठरवलं. आणि कामठीच्या शाखेतली कामिनी सिस्टर आपल्या मोबाइलवरून बोलता बोलता मध्येच तुटली.

पुन्हा लावला. पुन्हा तुटला.

"नेटवर्क असेल ताई," पियूष म्हणाला.

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की त्यांच्या बाजूने सगळं ठीक दिसतं आहे. दोन दिवस असेच गेले. तीन महिने संपायला आठ दिवस उरले होते. डॉक्टर जुन्याच नंबरांची नवी कार्डं छापायला द्यायची का, असं हर्षाला विचारून गेल्या. ते सुमतीताईंनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, मोबाइलमधलं सेकंद मोजायचं घड्याळ लावलं आणि कामिनीला सांगितलं, "तू लावत राहा. मी मोजतो."

एकवीस कॉल झाले. पियूष दुसरीकडून आला तेव्हा त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. बत्तीस. बत्तीस. एकतीस. बत्तीस. बत्तीस. पान भरलं होतं.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "नेटवर्क खराब असतं तर कधी दहाले तुटला असता, कधी शंभरले. हा घड्याळ लावून तोडून राहिला. कोणी तरी जाणून तोडते. आणि आपण बाहेर लावलेला एकही तुटत नाही. फक्त बाहेरून आलेला."

पियूष वहीकडे बघत खाली बसला. त्या दिवशी पहिल्यांदा तो घाईत नव्हता.

सर्व्हर स्वतः कोणाशी काय बोलला ते सगळं लिहून ठेवतो. दोघांनी ते पडद्यावर काढलं. पियूषला त्यातली अक्षरं कळत होती, सुमतीताईंना संभाषण. बोट ठेवून त्या वाचत गेल्या. कंपनी म्हणते, कॉल आहे. आपला सर्व्हर म्हणतो, वाजवतो. मग म्हणतो, उचलला. इथे कंपनीने 'समजलं' म्हणायला हवं. ते नाही. सर्व्हर पुन्हा सांगतो, उचलला. पुन्हा. पुन्हा. उत्तर नाही. शेवटी तो कंटाळून फोन ठेवून देतो.

"तोडणारा आपलाच आहे," सुमतीताई सावकाश म्हणाल्या. "त्याले वाटते, पलीकडे कोणी नाही. पण कंपनी काहून बोलत नाही?"

"बोलत असेल, पण पोहोचत नसेल," पियूष म्हणाला.

"मग यानं पत्ता काय दिला त्याले?"

त्या 'उचलला'च्या निरोपातच उत्तर कुठे पाठवायचं तो पत्ता होता. एकशे ब्याण्णवने सुरू होणारे आकडे. सुमतीताईंनी ते आकडे रोज पाहिले होते. काउंटरच्या प्रिंटरवर तशीच चिठ्ठी डकवलेली होती.

"हे तर आपल्या इमारतीच्या आतले नंबर आहेत ना?"

पियूषने कपाळाला हात लावला. "आतलेच. बाहेरच्याले हा पत्ता सापडूच शकत नाही."

म्हणजे गोष्ट एवढीच होती. बाहेर पत्र लिहिताना सर्व्हरने गाव, गल्ली, घर काहीच न लिहिता 'स्वयंपाकघर' एवढंच लिहिलं होतं. कंपनी दरवेळी उत्तर पाठवत होती आणि ते वाटेतच हरवत होतं. कंपनीने दिलेला बाहेरचा पत्ता सर्व्हरला सांगायची एक ओळ होती. ती सुमतीताईंकडून राहून गेली होती. पियूष टाइप करायला पुढे झाला तशी त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "माह्यी चूक आहे, मलेच काढू दे." एकेक आकडा वहीशी ताडून त्यांनी ती ओळ लिहिली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

कामिनीने फोन लावला.

"बोल," सुमतीताई म्हणाल्या. "काही पण बोल. थांबू नको."

"काय बोलू ताई? इथी लाइट गेली होती सकाळी. जनरेटरचा मेकॅनिक अजून आला नाही. आणि तुमच्या दुकानासमोर फौजींची रांग लागली आहे म्हणतात, तुमचे हे काही बोलले का?"

पंचवीस. अठ्ठावीस. पियूष घड्याळाकडे झुकला. तीस, एकतीस. कामिनी रांगेबद्दलच सांगत होती. तेहतीस झाले. चाळीस झाले. दोन मिनिटांनी कामिनीनेच विचारलं, "ताई, आयकून राहिल्या ना?"

"आयकून राहिली," सुमतीताई म्हणाल्या. "आता ठेव तू. मी ठेवत नाही."

जुलैच्या पहिल्या सोमवारी नवी कार्डं वाटली गेली. पियूषने सुचवलं होतं की आधी ध्वनिमुद्रित आवाज लावू. मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन. सुमतीताईंनी साफ नाही म्हटलं. ज्याला धाप लागली आहे त्याने बटणं शोधत बसायची का? फोन वाजेल तो थेट माणसाजवळ. धंतोलीत कोणी मोकळं नसेल तर कामठीत, तिथे नसेल तर सावनेरला. कोणाचा फोन उचलायचा राहून गेलाच तर त्याचा नंबर सर्व्हर लिहून ठेवेल, आणि काउंटरवरचं माणूस घरी जाण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकाला उलट फोन करेल. हा नियम त्यांनी स्वतः टाइप करून भिंतीला लावला. पहिल्या महिन्यात यादीत चौतीस जण निघाले, दुसऱ्या महिन्यात नऊ.

ऑगस्टमध्ये एक दिवस धंतोलीतली वीज गेली, बॅटरीही संपली, आणि दोन तास नंबर मुका झाला. सगळ्यांनी समजून घेतलं, सुमतीताईंनी नाही. सावनेरला दुसरा सर्व्हर बसवा, एक झोपला तर दुसरा जागा पाहिजे, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी या खेपेला कोण बसवणार असं विचारलं नाही. फक्त कधी जाता, एवढंच विचारलं.

तिथल्या लाइनचे कागद पुरे झाल्यावर एका गुरुवारी त्या सावनेरच्या एसटीत बसल्या. डबा जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर धरलेला. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडू का म्हणून पाहिलं आणि राहू दिलं. शाखेत टेलिफोन कंपनीचा नवा इंजिनिअर आधीच येऊन बसला होता. त्याने त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं, आणखी कोणी येतं आहे का म्हणून.

"तुमचे इंजिनिअर साहेब कुठी आहेत?"

सुमतीताईंनी डबा टेबलावर ठेवला, चादर सोडली, पर्समधून वही काढली.

"मीच आहो," त्या म्हणाल्या. "लाइन कुठून आणली ते दाखव. आणि बाहेरचा पत्ता आधी लिहून दे."