गढीवरचं दार

न्हावऱ्याच्या अलीकडं ओढ्याकाठी मातीची जुनी गढी आहे. तिच्यावर आता एकच घर उरलंय, हनुमंताचं. पूर्वजांनी गावावर नजर राहावी म्हणून उंचावर घर बांधलं. हनुमंतही नजर ठेवायचा, पण चहा पीत.

गढीची पांढरी माती कांद्याला मानवते. आजोबांनी ती बैलगाडीनं शेतात नेली, वडिलांनी ट्रॅक्टरनं. हनुमंतानं सरळ जेसीबी लावला, तोही मागून, उत्तरेच्या अंगानं. वाडवडिलांची गढी पुढून तरी चांगली दिसावी, एवढा आदर त्याला होता.

यंदा पुण्याहून उत्खननवाले आले. दक्षिणेच्या उतारावर त्यांनी खड्डा घेतला आणि तिथून हनुमंताच्या अंगणातल्या खुंटीपर्यंत दोरी ताणली. यादवांच्याही आधीचा, माती कुटून केलेला तट लागला. उत्खननाच्या प्रमुख भाग्यश्री मॅडम खुशीत होत्या.

"एवढी शतकं हा उभा राहिला तो दोन्हीकडून टेकलेल्या मातीमुळं," त्या म्हणाल्या. "ती काढली की संपलं."

"कोन काढतंय, मॅडम? गाव लई श्रद्धाळू हाय."

मागची बाजू बघायचं त्यांनी काढलं, की हनुमंत तिकडं तोंडानंच आग्या मोहोळ बसवायचा. पोखरलेली बाजू दिसली तर घर रिकामं करायला लावतील, हे त्याला पक्कं माहीत होतं.

इकडं घराचं दार लागेना.

"अवो, चौकट वाकडी झालीया," बायको, सविता म्हणाली.

"लाकूड फुगलंय."

"उन्हाळ्यात?"

हनुमंतानं वळचणीला खोचलेला रंधा काढून मारला. दार लागलं. थोड्या दिवसांनी पुन्हा अडलं, पुन्हा रंधा. भिंतीतली भेग सविता लिंपायची. त्यासाठी पांढरी माती आणायला लांब जावं लागत नव्हतं.

एका सकाळी अंगणातली खुंटी उपटून पडलेली दिसली. दोरी शाबूत होती.

"हनुमंतराव, खुंटी कुणी काढली?"

"म्हशीनं."

"म्हैस तर तुम्ही विकलीत ना?"

"मंग माझाच पाय लागला आसंल."

मॅडमनी खुंटीकडं पाहिलं, मग घराकडं. त्या गढीला वळसा घालून उत्तरेकडं निघाल्या.

"मॅडम, मोहोळ हाय तिकडं!"

"चावू दे."

हनुमंत धावतच दाराशी गेला. धूळ येते म्हणून सवितानं दार आतून ओढून घेतलं होतं. या खेपेला ते व्यवस्थित लागलं होतं. त्यानं ढकललं. हललं नाही. वळचणीतून बारीक माती गळत होती, पीठ चाळल्यासारखी.

"सविता, भाईर ये."

"अवो, कडी काढलीया. दारच उघडंना!"

मागून, खालून मॅडमची हाक आली. आवाज ओळखू येत नव्हता. "वर कोण आहे? सगळे खाली या! आत्ता!"

हनुमंतानं सवयीनं वळचणीला हात घातला. मग आठवलं. रंधा आत होता.