मागच्या खिडकीचा निकाल

माणूस प्रवासाला हवा पालटायला जातो, देवाला जातो, गेला बाजार सासुरवाडीला जातो. मी पुण्याहून पश्चिम खानदेशात गेलो तो एका खिडकीवरून भांडायला, आणि तीही जगात कुठेच नसलेल्या खिडकीवरून.

त्याचं असं झालं. एका मासिकात माझी अद्भुत कथा क्रमशः येत होती. तिच्यातलं आकाशयान प्रकाशाहून जलद धावतं. छापून आलेल्या शेवटच्या भागात नायक यानाच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. पुढच्या अंकात त्याला तिथून दूर राहिलेलं आपलं घर आणि अंगणात उभी असलेली बायको दिसायची होती. माझी इंदिरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. ती अख्खी कथा मी त्या खिडकीपायी लिहिली होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. तेवढ्यात तळोद्याच्या रतिलाल मास्तर नावाच्या वाचकाचं कार्ड आलं: ‘प्रकाशाहून जलद जाणाऱ्या यानाच्या मागच्या खिडकीत काळोख असेल. लेखकाने विचार करावा.’ संपादकांनी ते माझ्याकडे धाडलं आणि खाली लिहिलं, मास्तरांचं समाधान करा, नाहीतर खिडकीचं प्रकरण गाळू.

मला राग आला. मागच्या खिडकीतून मागचं दिसत नाही तर काय दिसतं? तिरीमिरीत मी गाडीत बसलो.

नंदुरबार यायच्या आधीच डब्यात शिंका सुरू झाल्या. गावाबाहेर पथाऱ्या (मिरच्या वाळवायची मोकळी मैदानं) पसरल्या होत्या, नजर पोचेल तिथवर लाल. तोंडाला पदर गुंडाळलेल्या बाया मिरच्या उलथत होत्या आणि दर हाताबरोबर तांबूस धूळ उडत होती. मी रुमाल नाकाला लावला. स्टेशनवरचा हमाल मला पाहून हसला आणि स्वतःच शिंकला.

तळोद्याला जायला मीठ आणि घासलेट घेऊन निघालेली एक बैलगाडी मिळाली. गाडीवान सुपडू, चाळिशीचा, बोलायला मोकळा. रस्ता पथाऱ्यांना लागूनच होता आणि वारा पाठीमागून वाहत होता. मी शहाणपणा करून एक रिकामं पोतं मागल्या बाजूला पडद्यासारखं बांधू लागलो.

“दादा, मांगे नका बांधू,” सुपडू म्हणाला. “पुढे बांधा.”

“वारा मागून येतोय ना?”

“वारा मांगथून शे. पन मन्हा बैल घरकडे पयतस तवय वाराले मांगे टाकतस.”

बैल पळताना वाऱ्याला मागे टाकतात म्हणजे काय, मला काही उमगलं नाही. मी पोतं मागेच बांधलं. बैल दौडू लागले आणि घटकाभरात मिरचीची धूळ समोरून माझ्या तोंडावर आली. डोळ्यांतून धारा लागल्या. मागून एक कण येत नव्हता. मी घाईघाईनं पोतं सोडून पुढे बांधलं. तेवढ्यात चढ लागला, बैल दमून सावकाश चालू लागले, आणि आता धूळ मानगुटीवर मागून आली. सुपडूनं तोंडाला फडकं बांधलं होतं. तो शांत होता.

“हे काय चाललंय?” मी चिडून विचारलं.

“काय नही, दादा. जी धूय आपला पुढे उडी गयी, तिले पयतांना आपनच गाठतस. सावकाश चालनूत का मांगली आपले गाठस.”

पुढे उडालेली धूळ पळताना आपण गाठतो, सावकाश चाललो की मागची आपल्याला गाठते, हे घोकतच मी पुढची वाट काढली. तापी उथळ पाण्यातून ओलांडली, पलीकडे केळीच्या बागा लागल्या, सातपुड्याची निळी भिंत जवळ आली. पण माझं लक्ष कशातच नव्हतं. डोक्यात पोतं आणि खिडकी यांचा नुसता गुंता झाला होता.

रतिलाल मास्तर सुती बंडीत ओसरीवर बसले होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून आता घरची केळी पाहत होते. माझे लाल डोळे पाहून त्यांनी आधी बायकोला ताक आणायला सांगितलं, मग दादरची (तिकडची ज्वारी) भाकरी आणि उडदाची डाळ समोर आली. भांडायला आलेल्या माणसाला असं जेवू घालू नये, त्याचा सगळा आवेश जातो. मी वाटेतली फजिती सांगितली.

“मग माझ्याकडे कशाला आलात?” मास्तर म्हणाले. “सुपडूनं सांगितलंच की सगळं. धुळीच्या जागी प्रकाश धरा.”

“पण नीट सांगा.”

“विलायतेतले पंडित म्हणतात, प्रकाशाला कुणीच मागे टाकू शकत नाही. ते खरं असेल तर तुमची गोष्ट नाही आणि माझं कार्डही नाही. पण गोष्टीपुरतं टाकलं म्हणू. घरून निघालेला आजचा प्रकाश यानाला गाठणार नाही. मागे काळोख. पण काल, परवा, गेल्या वर्षी निघालेला प्रकाश पुढे चाललाय, त्याला तुम्ही गाठाल. तो पुढच्या खिडकीवर आदळेल. तिला काजळी धरलेली काच लावा, ग्रहणाला लावतो तशी. इतक्या जोरात आदळलेला प्रकाश डोळे जाळील.”

“म्हणजे घर पुढे दिसेल?”

“दिसेल, पण उलटं. आधी कालचं, मग परवाचं.”

माझा हात धुवायचा तसाच राहिला. मग का कोण जाणे, त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. इंदिरा गेली तेव्हा मी परगावी मुद्रितं तपासत बसलो होतो, तार मिळून घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

मास्तरांनी ताकाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

“पुढच्या खिडकीत ती अंथरुणावरून उठेल,” मी म्हणालो. “बरी होईल. पण यान असंच पळत राहिलं तर आमचं लग्न मोडेल, ती माहेरी परत जाईल. मला ओळखणारसुद्धा नाही.”

“खरं आहे.”

“प्रकाशाच्याच वेगानं चालवलं तर? चित्र थांबेल.”

“बरोबरीनं चाललेली धूळ नाकात जाते का? प्रकाश डोळ्यांत शिरला नाही तर दिसणार काय?”

“आणि वेग कमी केला तर?”

“मग मागचा प्रकाश तुम्हाला गाठेल. मागच्या खिडकीतून, सुलट. अगदी शेवटापर्यंत.”

परतीच्या प्रवासात मी नंदुरबार कधी ओलांडलं ते कळलं नाही. घरी येऊन प्रकरण नव्यानं लिहिलं. मास्तरांना पटलं, संपादकांनी छापलं. नायक पुढच्या खिडकीशी काजळीच्या काचेआडून बायकोला मागे मागे जाताना पाहतो, ती अनोळखी मुलगी होईपर्यंत. मग वेग कमी करतो आणि मागच्या खिडकीशी येऊन बसतो. तिथं ती पुन्हा माप ओलांडून घरात येते. तापाचा दिवस जवळ आला की त्याला यान परत पळवता येईल, यंत्राची कळ हाताशीच आहे. पण तो उठत नाही. या खेपेला तो शेवटपर्यंत तिच्यासमोर बसून राहतो.